एकटीचा वर्ग

ग्रोनिंगन, ११ जून
(हो, ग्रोनिंगन. का, ते पुढे येईल.)

सुकाणूघराच्या छतावर तू बसवून दिलेली ती इंटरनेटची पांढरी तबकडी आता तिथे नाही. नवी पाठवायची नाही. पाठवलीस तर मी तिच्यात बटाटे धुवीन. "आई, ही लावली की अख्खं विद्यापीठ जहाजावर येईल," असं म्हणाला होतास. आलं नाही. सात महिने वाट बघितली. एक तोंड आलं, तेही काचेतलं, अन् त्याला काही विचारलं तर ऐकू जात नव्हतं.

आता रीतीचं. हार्म, मी बरी आहे, गुडघा सोडून. सूनबाई कोरीन बरी असेल, तुमच्या दारची हिरवळ कापलेली असेल. पाकीट उघडून तू आधी शेवटची ओळ बघितली असशील, कोण गेलं का ते. कोणी गेलेलं नाही. सावकाश वाच. फोनवर तू मला "हो आई, हो आई" करत किनाऱ्याला लावतोस, म्हणून कागद घेतला. कागदाला मध्ये तोडता येत नाही.

चुका काढू नकोस. माझी शाळा तुला ठाऊक आहे. आमचं जहाज माल भरायला जिथे थांबेल तिथल्या शाळेत मला ढकलायचे, अन् माल भरला की वर्गातून उचलून आणायचे. त्यामुळे तीनचा पाढा मी चार गावांत शिकले, अन् सातचा मला आजतागायत येत नाही. सातच्या वेळी आम्ही कायम बेल्जियममध्ये. तेव्हा शिक्षणात भोकं कशी पडतात हे मला कोणी सांगायला नको. तुझ्या लेकीच्या, निन्काच्या शिक्षणाला पडलेलं भोक मी नाताळच्या आधीच बघितलं होतं. बोलले नाही. त्याचंही येईल पुढे.

तू तिला घेऊन आलास तो दिवस आठव. अर्धा कप कॉफी प्यायलास, छतावर चढलास, तबकडी बसवलीस, खाली उतरून घड्याळ बघितलंस. म्हणालास, "साथ गेली, पण विद्यापीठाची व्याख्यानं पडद्यावर राहिली ती राहिलीच. छोटे वर्गही तिला पडद्यावरून करायची परवानगी मी काढलीय. शहरात खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर भाडं परवडत नाही. इथे तुझ्यापाशी राहील, हाताखाली काम करील, कायदा शिकेल." मी म्हटलं, जहाजावर राहून वकील? तू म्हणालास, "मला शाळेसाठी घर सोडावं लागलं, आई. तिला नाही लागणार."

त्यावर मी काय बोलणार? सहाव्या वर्षी तुला जहाजवाल्यांच्या पोरांच्या वसतिगृहात ठेवलं, तेव्हा तू धक्क्यावर उभा होतास अन् आम्ही निघालो होतो. दुसरी सोय नव्हती, तुलाही माहीत आहे. मी तिची पेटी खाली नेली.

पहिला महिना मला मजा वाटली. खोटं कशाला बोलू. पोरगी चपळ आहे, दोर फेकते तो पहिल्याच फटक्यात खुंट्यावर बसतो, सुकाणू तर बेरेंडने तिला शिकवलेलंच होतं. आजोबांचा हात उचललाय तिने. कालव्याच्या लॉकमध्ये, त्या पाणी चढवायच्या हौदात, शिरलं की दोर बांधायचा अन् पाणी चढेपर्यंत लॅपटॉप मांडीवर. मी विचारलं, "हा माणूस बदकासारखा का बोलतोय?"

"दुप्पट वेगाने लावलाय, आजी. वेळ वाचतो."

"कुणाचा?"

"माझाच गं."

"अन् काय म्हणतोय तो?"

"करार कधी मोडला असं म्हणायचं, त्याचं काहीतरी."

"काहीतरी म्हणजे?"

"आजी, परत ऐकेन मी."

"अगं, मग थांबव त्याला आणि विचार."

"तो आत्ता बोलत नाहीये. मागे कधीतरी बोलून ठेवलंय."

"म्हणजे तुला कळलं नाही, हे त्याला कळणारच नाही?"

"नाही," म्हणाली. अन् हसली. मला त्या हसण्यात काही गंमत दिसली नाही.

ही तीच पोरगी ना रे, जिच्याबद्दल तिच्या शाळेतून तुला बोलावणं आलं होतं? मास्तरांशी भांडते म्हणून? इतिहासाच्या बाई म्हणाल्या होत्या, हिला गप्प करायला वर्ग संपवावा लागतो. तिला गप्प करायला तुमच्या विद्यापीठाला काहीच करावं लागलं नाही. छोट्या वर्गात मी तिच्या मागून डोकावले होते. पडद्यावर काळे चौकोन, आत माणूस नाही, नुसती नावं. थडग्यांची रांग बरी, तिथे निदान फुलं असतात. बाई प्रश्न विचारायच्या, निन्का उत्तर द्यायची, पण कालव्यावर तबकडीचं घोडं पेंड खायचं. तिचं उत्तर पोचेपर्यंत बोलणं दुसऱ्यावर गेलेलं. दोनतीनदा तसं झालं. मग तिने उत्तर देणं सोडलं. मग तिचाही चौकोन काळा झाला. मग मी बघायची की वर्ग चालू आहे अन् आमच्या निन्काबाई पुढच्या डोलकाठीला रंग देतायत.

सगळ्यांचं असंच होतं, असं माझं म्हणणं नाही. जहाजवाल्या लाम्मीचा भाचा शेतावर राहून याच रीतीने शिकला, चांगला पास झाला. पण त्याच्या शेजारच्या खोलीत आणखी दोघं शिकणारी होती, जेवताना एकमेकांची डोकी खायचे, अन् गाईंचं बघायला त्याचा बाप होता. निन्काचं डोकं खायला मी होते. मी कायद्यातलं काय खाणार?

परीक्षेचं तुला तिने सांगितलं असेल, मशीन बिघडलं म्हणून. मशीन बिघडलं नव्हतं. परीक्षा कॅमेऱ्यासमोर. खोलीत एकटं बसायचं, नजर पडद्यावर, आधी लॅपटॉप फिरवून भिंती दाखवायच्या. तिने खालची खोली घेतली. मला बजावलं, "आजी, बारापर्यंत आत यायचं नाही." मी बरं म्हटलं. मग शेजारून एक मोठं जहाज असं गेलं की आमचा दिवा छताला लागला, कपाटं उघडली, अन् चुलीवरचं वाटाण्याचं सार निम्मं जमिनीवर आलं. उरलेलं पातेलं ठेवायला सपाट जागा म्हणजे खालचं टेबल. गेले मी पातेलं घेऊन.

पडद्यातून नजर ठेवणारा एक पोरगा बोलला, कानाला ते यंत्र लावलेला, मिसरूड फुटायचं होतं. "खोलीत दुसरी व्यक्ती आहे."

मी म्हटलं, "आहे. खोली माझी आहे."

"मॅडम, आपण परीक्षार्थीला मदत करत होता?"

"पोरा, मी सार वाचवत होते."

"आपल्या हातात काय आहे ते कॅमेऱ्याला दाखवा."

दाखवलं. वाकून, आतला सॉसेजसुद्धा दाखवला. निन्काने डोकं टेबलावर टेकलं. मला वाटलं हसतेय. तिचा पेपर रद्द झाला. नजर वरचेवर हलली हे एक, अन् म्हातारी आत आली हे दुसरं. नजर हलणार नाही तर काय, दिवा डोक्यावर झुलत होता. मी त्या पोराला सांगणार होते की माझ्या मदतीने कायद्याची परीक्षा द्यायची तर माणूस तुरुंगातच जाईल. पण त्याने तोवर पडदा बंद केलेला.

तेव्हा मी तुला फोन केला होता. तू म्हणालास, "फेरपरीक्षा असते, आई. आणि तू गोळ्या घेतेस ना वेळेवर?" मला तेव्हा कळायला हवं होतं, विषय गोळ्यांवर कसा गेला ते.

आता तबकडी.

वाऱ्याने उडाली असं लिहिणार होते. निन्काने तेच सांगायला सांगितलं होतं. ती पुलाने नेली.

मागच्या महिन्यात आम्ही लोखेमला पशुखाद्य उतरवलं अन् रिकाम्या निघालो. त्वेन्तेच्या कालव्यावरचे पूल तुला माहीत आहेत, उघडत नाहीत. जाताना जहाज भरलेलं, पाण्यात बसलेलं, सुकाणूघर वर ठेवून आरामात गेलो. येताना रिकामं जहाज अंगाने वर येतं, दांडा ओढून सुकाणूघर खाली घ्यावं लागतं. हे काय तुला सांगायचं. वसतिगृहातून सुट्टीला आलास की तुझं कामच ते होतं, पूल दिसला की ओरडायचं, "बाबा, डोकं खाली!"

सुकाणूवर निन्का होती. मी खाली बटाटे सोलत होते. खिडकीतून पुलाचा खांब दिसला अन् मला वाटलं, आता घर खाली बसल्याचा आवाज येईल. आला नाही. गुडघा कुठे होता मला आठवत नाही, मी वर होते. पोरगी समोर बघत होती. समोरच बघत होती, हार्म, पूल तिच्या डोळ्यांत होता. एका कानात ते ऐकायचं बोंडूक. तिने उंची बघितली होती, हिशेब केला होता, अन् तो भरलेल्या जहाजाचा केला होता. मी तिला ढकललं, दांडा ओढला, इंजिन उलटं टाकलं. घर खाली बसायला लागलं, पण ते काही दगडासारखं पडत नाही, म्हातारीसारखं बसतं. आम्ही दोघी जमिनीवर. वर कडाडलं. तबकडी, दिवा अन् झेंड्याची काठी गेली. काचा राहिल्या. डोकी राहिली. पुलाला ओरखडा नाही. कळवायचं त्यांना मी त्याच दिवशी कळवलं, सुकाणूवर कोण होतं तेही.

पुढच्या धक्क्याला बांधलं. ती मालाच्या खणावरच्या झाकणांवर बसली होती, हात मांड्यांखाली दाबून. मी विचारलं, "काय ऐकत होतीस?"

"करारांचं व्याख्यान."

"आजचं?"

तिने हात बाहेर काढून झाकणाचा रंग नखाने खरवडला.

"निन्का, कधीचं?"

"नोव्हेंबरचं."

मे महिना होता, हार्म. पोरगी मे महिन्यात नोव्हेंबरचं ऐकत होती, दुप्पट वेगाने, पुलाखालून जाताना. मग सगळं बाहेर आलं. अर्ध्याहून जास्त विषय गेलेत. काहींच्या परीक्षेला ती बसलीच नाही. पहिल्या वर्षाचे गुण भरले नाहीत तर विद्यापीठ त्या अभ्यासाचं दार लावून घेतं, पुन्हा त्यात घेत नाही. म्हणाली, "सुरुवातीला एकच राहिलं होतं. वाटलं, रविवारी ऐकेन. ते कुठे जात नाही ना, आजी. कधीही ऐकता येतं. म्हणून कधीच ऐकलं गेलं नाही."

मी म्हटलं, "मग कशाला बसलीस इथे? वेळेवर उतरायचं, शहरात जायचं, एखाद्याच्या पोटमाळ्यावर पडायचं."

"आणि तू?"

"माझं काय? मी काय पाण्यात पडणार होते?"

"बाबा म्हणाले, आजोबा गेल्यावर तू एकटी राहिलीस तर काहीतरी होईल. तुला सांगितलं तर तू हाकलून देशील. म्हणून अभ्यासाचं नाव करायचं. तो कुठूनही होतो."

मग म्हणाली, दर रविवारी तिने तुला माझी खबर द्यायची असायची. माझ्या गोळ्या, माझा गुडघा, मी शिडी चढताना थांबते का. रविवारी, हार्म. ज्या दिवशी ती नोव्हेंबर ऐकणार होती.

मी उठले अन् कॉफी केली. तुला शिव्या द्यायला मला दोन दिवस होते, ते मी लोखेमपासून मेप्पेलपर्यंत वापरले, इंजिनाच्या आवाजात. आता उरल्या नाहीत. उरलंय ते एवढंच. तू तुझ्या मनाची टोचणी मिटवायला तुझी पोर माझ्या जहाजावर चढवलीस. तिला वसतिगृह नको म्हणून. वसतिगृहात तुझ्या शेजारच्या पलंगावर दुसरा पोरगा होता ना? तुझं गणित अडलं की तो होता, त्याचं अडलं की तू. अजून त्याच्या वाढदिवसाला जातोस. तिच्या शेजारच्या पलंगावर मी होते, अन् मी घोरते.

माझंही लिहिते, म्हणजे तुला उलट लिहायला नको. नाताळच्या आधी तिचा चौकोन काळा झाला तेव्हाच मी तिला उतरवायला हवं होतं. नाही उतरवलं. सकाळी दोन कप काढायची सवय झाली होती. बस. यावर मला कोणाचं सांत्वन नको.

आता ग्रोनिंगन. मी तिला विचारलं नाही, जहाज इकडे वळवलं. लाम्मी तुला आठवत असेल, गेर्टची बायको, आवाज भोंग्यासारखा. गेर्ट गेल्यापासून ती शहरातल्या कालव्यात आपलं जुनं जहाज कायमचं बांधून राहते. मी म्हटलं, पुढची खोली रिकामी आहे ना? म्हणाली, "रिकामी कसली, माझी लोकर अन् सुया आहेत तिथे." मी म्हटलं, लोकर माझ्याकडे टाक. निन्काची सायकल क्रेनने उतरवली. निन्का आता तिथे राहते. तिथून तिचं विद्यापीठ चालत जाण्याइतकं. पहिल्याच आठवड्यात ती एका खऱ्या वर्गात जाऊन बसली, वर्षअखेरच्या उजळणीच्या. बाईंनी काही विचारलं, मागच्या बाकावरचा पोरगा चुकीचं बोलला, अन् निन्का त्याच्याशी भांडली. संध्याकाळी मला सांगत होती, गाल लाल. "आजी, तो म्हणतो नुसतं तोंडी बोललेलं कराराला चालत नाही. मी म्हटलं, चालतं!" मी म्हटलं, काहीतरी का असेना, भांडलीस ना.

पण दार लागायच्या बेतात आहे. म्हणून आम्ही अभ्यास-सल्लागार बाईंकडे गेलो. टेर होर्स्टबाई. बारीक, नीट बाई, चहा विचारते. तिने सांगितलं, घरच्या अडचणीमुळे अभ्यास बुडाला असेल तर समिती आणखी एक वर्ष देऊ शकते. "घरी काही अडचण होती का?"

निन्का म्हणाली, "नाही. मी आळस केला."

मी म्हटलं, "अडचण होती. ही बसलीय. चौऱ्याहत्तर वर्षांची."

"आजी, गप्प बस."

"बाई, हिला माझी राखण करायला ठेवलं होतं."

"असं काही नव्हतं," निन्का म्हणाली. "आजी अतिशयोक्ती करते." माझ्या तोंडावर!

टेर होर्स्टबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मुलगी नाही म्हणते, आजी हो म्हणते. ज्यांनी ही व्यवस्था लावली त्यांच्याकडून लेखी आलं तर समितीपुढे ठेवता येईल. समिती येत्या गुरुवारी बसते."

बाहेर पायऱ्यांवर मी तिला धरलं. का खोटं बोललीस? तर म्हणते, "बाबांचं नाव येईल ना त्यात. त्यांनी माझ्या चांगल्यासाठीच केलं गं. त्यांना वसतिगृहाचं किती लागलंय, तुला माहीत नाही. मी नाही सांगणार."

तर असं आहे. तुला वाचवायला ती स्वतःला आळशी म्हणवून घेतेय, अन् त्यापायी वकिली सोडायला तयार आहे.

आपल्या जहाजाचं, आल्बर्डिनाचं, तू डोक्यात आणू नकोस. सध्या ती शहराबाहेरच्या धक्क्याला बांधलीय, दुसरं माणूस असल्याशिवाय मला निघता येत नाही. ग्दान्स्ककडची एक बाई शनिवारी काम बघायला येणार आहे, रेनाता नाव तिचं, हात जाड आहेत म्हणे. जमलं तर तिच्याबरोबर, नाही जमलं तर विकीन. ते माझं मी बघीन. तुला त्यासाठी बोलावत नाही, अन् तू येतो म्हणालास तरी तुझ्या पोटात पाण्यावर ढवळतं, मला तेवढं पुसत बसायला वेळ नाही.

तुझ्याकडून मला एवढंच हवंय. टेर होर्स्टबाईंना लिही. पत्ता मागे दिला आहे. तू काय सांगितलंस, कोणाला, का, अन् तिला माझ्यापासून काय लपवायला लावलंस. साधं लिही. "परिस्थितीमुळे" असा शब्द आला तर ती बाई बाजूला ठेवील, अन् बरोबर करील. वसतिगृहाचं लिहायचं असेल तर तेही लिही. ते खरंच आहे, मी आड येणार नाही.

गुरुवारच्या आत. कोरीनने लिहायचं नाही, तिचं अक्षर सुंदर आहे, पण ती तिथे नव्हती. मला उत्तर पाठवायचं नाही, मी वाचणार नाही. निन्काने तुझ्यासाठी उत्तर दिलंय, ते खोटं दिलंय. खरं उत्तर तू द्यायचंस, तुझ्या हाताने, तुझ्या नावाने.

रूली
तुझी आई